न उडणारा फ्यूज

बायकोलाही सांगितलेलं नाही, ते आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत मी सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे बसवले. त्या जोडणीत फ्यूजच्या जागी मी तांब्याची जाड तार पिळून घातली. ते चूक आहे हे घालतानाच मला ठाऊक होतं. पुढे त्याच तारेमुळे जोडणीची पेटी जळाली, तेव्हा मी जागेवर न जाता ऑफिसात बसून अहवाल लिहिला, "तेलाच्या उघड्या दिव्यामुळे आग. वापरणाऱ्यांचा निष्काळजीपणा." खाली माझी सही.

मी मिरजेचा. वय अठ्ठेचाळीस. अशा दिव्यांची जोडणी आणि तपासणी करणाऱ्या एका कार्यालयात सुपरवायझर आहे. बोलायची मला फारशी सवय नाही. घरी म्हणतात, ह्यांच्याकडून वाक्य काढायचं म्हणजे आडातून पोहरा काढण्यासारखं आहे. त्यामुळे ही गोष्टही आत राहिली असती. पण मार्चमध्ये एक पोस्टकार्ड आलं.

"साहेबांस सप्रेम नमस्कार. आपण बौद्धवाडीत बसविलेला तांब्याचा फ्यूज पाहून मी आमच्या दोन्ही वाड्यांत तसाच बसविला आहे. काचेचे फ्यूज सारखे उडत. हा एकदाही उडत नाही. गावातर्फे आपले आभार. आपला, दत्ताराम गुरव."

कार्ड वाचताना हातातला चहा थंड झाला. बौद्धवाडीची पेटी दिव्याने जळाली असं मीच कागदावर लिहून ठेवलं होतं. मग तारेवर कुणाचा संशय कशाला जाईल? उलट ती साहेबांची तार म्हणून गावभर पसरली. आता आणखी दोन वाड्यांत तसंच व्हायची वाट होती.

चार दिवसांची रजा टाकली. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ऑफिसात सांगितलं, घरचं काम आहे. काचेच्या फ्यूजचा डबा शर्टाच्या खिशात ठेवला आणि कोल्हापूरहून रत्नागिरीची गाडी धरली.

पाली

डब्याचा किस्सा इथेच सांगायला हवा. मागच्या खेपेला, दिवे बसवायला आलो तेव्हा, फ्यूजची पत्र्याची डबी मी एसटीच्या फळीवर विसरलो होतो. दोन वाड्यांपुरते फ्यूज आधीच पिशवीत काढून ठेवलेले होते, तिसऱ्या वाडीला, म्हणजे बौद्धवाडीला, उरले नाहीत. पालीला परत जाऊन शोधायचे तर अख्खा दिवस गेला असता आणि रविवार घराबाहेर काढावा लागला असता. एवढंच कारण. त्याहून मोठं काही कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

यावेळी आंबा घाटात गाडी वळली की माझा हात आपोआप खिशाकडे जात होता. शेजारच्या आजोबांनी दोन-तीनदा ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "छातीत दुकतंय काय?"

"नाही, फ्यूज आहेत."

ते जरा सरकून बसले. पालीपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. आमच्याकडचा उन्हाळा भाजतो, इथला उकडतो. पालीच्या स्टँडजवळ एका खानावळीत काजूगरांची उसळ आणि तांदळाची भाकरी खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दातांची गरज लागते, ही भाकरी तोंडात ठेवली की उगाच वाद घालत नाही. ओला काजूगर मी त्याआधी खाल्ला नव्हता. मालकाने माझा चेहरा पाहून न विचारता दुसरी वाटी वाढली आणि म्हणाला, "खावा. बायको नाय ना बरोबर?"

कुठे निघालो ते सांगितल्यावर म्हणाला, "आंबेकोंड? तितं अजून लाईट नाय पोचली. आमच्या जिल्ह्यात पोफळीला वीज करतात नि ती सरळ मुंबैला जाते. आमच्या पोरांसारकी."

आंबेकोंड, गुरववाडी

आतल्या गाडीने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि पुढे चालत निघालो. वाटेत सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तव्यासारखं तापलेलं. अर्ध्यावर चपलेचा अंगठा तुटला. गवत वाहणाऱ्या एका बाईला विचारलं, गुरववाडी किती लांब? म्हणाली, "ही काय, हाकेवर." देशावर हाकेवर म्हणजे पुढची गल्ली. आमच्याकडे घरं एकमेकांना खेटून असतात, एका घरात फोडणी पडली की तिसऱ्यात ठसका लागतो. इथे प्रत्येक घर आपापल्या झाडांत लपलेलं, आणि माणसं दरीच्या या काठावरून त्या काठावर बोलतात. त्यांची हाक पाऊण तासाची असते. मी ती एका पायात चप्पल घालून चाललो.

दत्ताराम गुरव अंगणात उभे होते. मुंबईत गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर गावी आले. "वायरमनच्या हाताकाली सात वर्सं काडलीत," हे त्यांनी मला मागच्या खेपेला सांगितलं होतं, याही खेपेला पाणी देण्याआधी सांगितलं. मग कोकमाचं आगळ घातलेलं गार पाणी आलं. मग तुटक्या चपलेकडे पाहून ते गडगडाटी हसले आणि सुंभाच्या दोरीने ती बांधून दिली. परतीच्या प्रवासात मिरजेपर्यंत तीच दोरी टिकली.

"चला, तुमचा फ्यूज दाखवतो," म्हणाले.

माझा फ्यूज!

देवळाच्या पडवीत पेटी होती. ती उघडली. फ्यूजच्या जागी बोटाएवढा तांब्याचा पीळ, अगदी सुबक, माझ्यापेक्षा चांगला घातलेला. त्याला हळदकुंकू. आणि बॅटरीच्या बुचांना जी बारीक भोकं असतात, त्यांतल्या एकात अर्धी जळलेली उदबत्ती खोचलेली.

"ही कुणी लावली?"

"दर गुरवारी लावतो. भोक आयतंच हाय."

बॅटरी भरत असताना त्या भोकांतून जो वायू निघतो तो ठिणगीला पेट घेतो. हे मी जरा घाईत सांगितलं. दत्ताराम उदबत्तीकडे बघत राहिले. "म्हंजे गेली दीड वर्सं मी बॉम्बची आरती करतोय?"

"जवळजवळ."

"देव हाय म्हनायचा," ते म्हणाले आणि उदबत्ती काढून तुळशीपाशी लावून आले.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग मी काचेचा फ्यूज काढला आणि त्यांचा चेहरा पडला.

"सायेब, चांगला काडून वायट कशाला घालता? ह्यो तर सारका उडतो."

ज्यांनी फ्यूज कधी हाताळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. दोन वायरी कुठे एकमेकींना चिकटल्या तर बॅटरी आपली सगळी ताकद एकदम सोडते. तेव्हा काचेतली बारीक तार वितळते, वाट तुटते आणि बाकीचं वाचतं. त्या जागी जाड तांबं घातलं की ते तुटत नाही, मग दुसरं काहीतरी जळतं. हे दिवे बारा व्होल्टचे. हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की ही गरीब वीज आहे. ती माणसाला मारत नाही हे खरं. घर पेटवायला तिला अडचण नाही.

हे सगळं मला तिथे सांगायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "वरून नवीन हुकूम आलाय. आता सगळीकडे काचेचेच घालायचे."

दत्ताराम मान हलवून म्हणाले, "सरकारचं कायपन असतं." आणि मी फ्यूज बसवला. घरापासून दिवसभराची वाट तुडवून आलो होतो खरं बोलायला, आणि पहिल्याच वाडीत पुन्हा खोटं बोललो.

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी होती. सुरेख होती, पण मला गिळवत नव्हती. दत्तारामांच्या पत्नी म्हणाल्या, "तिकट कमी पडलं का ओ? कोलापूरकडचं मानूस." आणि ताटात ठेचा वाढला. त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं त्याला निमित्त मिळालं.

मधलीवाडी

सकाळी दत्तारामांना घेऊन मधल्या वाडीत गेलो. इथे पेटी शाळेच्या भिंतीवर आहे. तांब्याचा पीळ बघून मी हात घालणार, तोच माझी नजर वर गेली. कौलांखालच्या वाशावरून दोन वायरी आल्या होत्या आणि एका जागी त्यांचं प्लास्टिक कुरतडलेलं होतं. आतलं तांबं चकाकत होतं. दोन वायरींत दाण्याएवढं अंतर.

"उंदीर," दत्ताराम सहज म्हणाले. "काजू वाळत घातलं की वाशावरनं त्येंची येजा असते. काय मिळालं नाय की वायर चावतात."

मी स्टुलावर बसलो.

"सायेब, ऊन लागलं काय?"

"दत्ताराम, बौद्धवाडीची पेटी जळाली ती कशी?"

"दिव्यानं. तुमीच तर लिवलंत. पंचायतीत वाचून दाकवलं. तवा मानसं बोल्ली, हेंना संबाळता येत नाय, दिवे काडून घ्या. छपरावरची उन्हाची पाटी उचलून पंचायतीच्या खोलीत ठेवली."

दिवे काढून घेतल्याचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या कागदाचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मी त्यांना सांगितलं. तार मी घातली, फ्यूज नव्हते म्हणून. हुकूम वगैरे काही आलेला नाही. कागद मी न बघता लिहिला. सांगायला किती वेळ लागला असेल? एक बिडी ओढून होते तेवढा. दोन वर्षं मला वाटत होतं की हे सांगायला लागलो तर दिवस जाईल.

दत्तारामांनी पेटीतला पीळ बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "मी मेल्यानं आभाराचं कार्ड टाकलं तुमाला!" आणि कपाळावर हात मारून हसायला लागले. हसणं थांबल्यावर मात्र उठले आणि चपला घालत म्हणाले, "हितं मला सांगून काय उपेग? तिकडं चला. शेवंताकाकीसमोर बोला. आनि दोन मानसं आमच्याही वाडीतली घेतो. ज्येंनी त्यो कागद वाचलेला ऐकला, त्येंनी ह्येबी ऐकूदे."

बौद्धवाडी

बौद्धवाडी ओढ्यापलीकडे, उतारावर. बरीचशी पुरुषमाणसं मुंबईला, त्यामुळे वाडीचा कारभार बायकांकडे. दिव्यांची देखभाल शेवंताकाकींकडे होती. वय पन्नाशीपुढचं, अंगाने काटक, बोलणं तोलून. दिवे आले तेव्हा त्यांनी समाजमंदिरात बायकांचा साक्षरता वर्ग सुरू करून घेतला होता आणि पहिल्या बाकावर स्वतः बसल्या होत्या. दिवे गेले आणि वर्ग बंद पडला.

मागच्या खेपेला मी इथून पाणीही न पिता गेलो होतो. गाडी गाठायची होती, असं म्हणालो होतो. हीच डबी गुरववाडीतल्या जोडणीच्या वेळी हरवली असती तर मी पालीला परत गेलो असतो का, हे मी स्वतःला विचारलं आहे. उत्तर मला आवडलेलं नाही.

समाजमंदिरापुढच्या अंगणात वीसेक माणसं जमली. मी जे दत्तारामांना सांगितलं तेच सांगितलं, उभं राहून. नंतर दत्ताराम म्हणाले, "आता दाखवा. नुसतं बोलल्यानं पटत नाय लोकांना. मलाबी नाय पटलं अजून, सात वर्सं वायरमनच्या हाताकाली..."

"कळलं ओ दत्तारामभाऊ," मागून एक बाई म्हणाली, "दर वकताला सात वर्सं!"

मधल्या वाडीत काचेचा फ्यूज घालून, कुरतडलेल्या वायरीला पट्टी गुंडाळून तिथली बॅटरी आम्ही उचलून आणली होती. ती लांब, ओल्या गोणपाटाखाली ठेवली. तिथून वायर ओढली, मध्ये तांब्याचा पीळ लावला, वायरीवर नारळाच्या काथ्याचा पुंजका ठेवला आणि दुसऱ्या टोकाला दोन वायरी लाकडाने एकमेकींवर दाबल्या. आधी वास आला. मग प्लास्टिक फुगलं, धूर निघाला, वायर लाल झाली आणि काथ्या भप्पकन पेटला. पुढे बसलेल्या बायका पदर सावरत मागे पळाल्या. मी लाकूड सोडलं. दत्ताराम सगळ्यात मागे, गडग्यावर चढून उभे होते. गडगा म्हणजे इथली दगडी कुंपणाची भिंत.

"पीळ बघा," मी म्हणालो. पीळ जसाच्या तसा. न उडणारा.

मग नवी वायर, नवा काथ्या आणि काचेचा फ्यूज. वायरी टेकवल्या. टिक्.

सगळे वाट बघत राहिले.

"पुडं?" दत्तारामांनी विचारलं.

"झालं."

"एवडंच? फटाकाबी नाय?"

"फ्यूजचं काम एवढंच. तो उडाला म्हणजे तुमचं घर राहिलं. तो उडाला की त्याला शिव्या देऊ नका, आधी वायर कुठे चिकटली ते शोधा. आणि मग काचेचाच दुसरा घाला." काळवंडलेली काचेची नळी हातोहात फिरली. एका म्हातारबाबांनी ती कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, "मेला बिचारा."

सगळे हसले. शेवंताकाकी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. कागद सोडला. आत वीतभर जळलेली वायर होती. एका टोकाला, जिथे प्लास्टिक शिल्लक होतं, तिथे बारीक दातांच्या खुणा.

"मी तवाच बोल्ले होते," त्या म्हणाल्या. "आग दुपारची लागली. दुपारी दिवा कोन लावतो? कुलूप होतं. धूर बगून मी दार उगडलं. ही वायर तवाच उचलून ठेवली."

समाजमंदिरातल्या दोन्ही तसबिरी आगीतून बाहेर काढताना त्यांचा उजवा तळवा भाजला होता. त्याच हातात त्यांनी वायर धरली होती. माझ्या नजरेला ते दिसलं आणि ते त्यांना कळलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

गुरववाडीच्या दोघांपैकी एक जण खाली बघत म्हणाला, "काकी, आमीपन बोल्लो तुमाला कायबाय."

"बोल्लात," काकी म्हणाल्या. "आता पाटी आनून द्या."

आणि खरंच, चार माणसं गेली आणि पंचायतीच्या खोलीतून सौर पाटी खांद्यावर घेऊन आली. दत्ताराम पुढे चालत रस्ता मोकळा करत होते, रस्त्यावर कुणी नसताना. बॅटरीही आणली, पण ती मेलेली होती. दीड वर्षं न भरता पडली की बॅटरी आतून खलास होते. छपरावर पाटी बसवली, वायर नव्याने ओढली, उंदीर पोचणार नाहीत अशी नळीतून, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. सगळं तयार. फक्त बॅटरी नाही.

जेवायला काकींकडे बसलो. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, आणि पुन्हा काजूगर. दोन भाकऱ्यांवर थांबलो तर म्हणाल्या, "मागल्या वेळचं बाकी हाय," आणि तिसरी वाढली. खाली गावच्या नळ्याच्या, म्हणजे कौलारू घरांवर ऊन तिरकं झालं होतं, दत्ताराम ओसरीवर कुणाला तरी सात वर्षं सांगत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं.

हात धुतल्यावर काकींनी विचारलं, "सायेब, नवी बॅटरी कवा मिळंल?"

"ऑफिसकडून मंजूर व्हावी लागेल."

"मंग करतील?"

मी पुसलेले हात पुन्हा पुसले. त्यांना ते पुरेसं होतं.

"तुमी तोंडानं बोल्लात, चांगलं केलंत. इतक्या जनात बोलायला छाती लागते. पन तितं कागदावर काय हाय?"

"अजून तेच आहे."

"मंग वीस मानसांत आमी सुटलो. कागदावर नाय सुटलो." आवाज चढवला नव्हता. "मला आता वाचता येतं. हळू वाचते, पन येतं. तुमच्याच दिव्यात शिकले. तो कागद बदललात की मला धाडा. मी सोता वाचनार."

मिरज

परत येऊन तीन आठवडे झाले. बायकोला काल इथपर्यंत लिहिलेलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, चपलेची दोरी बघूनच मला वाटलं होतं की काहीतरी आहे. दत्तारामांचं कार्ड आलं आहे. फ्यूज एकदा उडाला, त्यांनी वायर शोधली, काचेचाच घातला, आणि आभार मानलेले नाहीत, हे त्यांनी मुद्दाम लिहिलं आहे.

ऑफिसात मी अजून बोललेलो नाही. तिथे बोललो की काय होईल याची मला कल्पना आहे, म्हणून आधी इथे लिहिलं.

मी शेवंताकाकींना एक कागद देणं लागतो. त्यावर लिहिलेलं असेल की आंबेकोंडच्या बौद्धवाडीतली आग फ्यूजऐवजी घातलेल्या तारेमुळे लागली, तार मी घातली होती, वापरणाऱ्यांची चूक नव्हती आणि बॅटरी त्यांना मिळाली पाहिजे. खाली माझी सही. त्याची एक प्रत त्यांच्यासाठी, मोठ्या अक्षरात.